टाकी फुल ते टाकी फुल: पावस-रत्नागिरी रस्त्यावरच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

आजपासून पेट्रोलच्या हिशेबाची वही घातली. गाडी सात वर्षांची, पेट्रोल, १२०० सीसी, पाच गिअर. रोजचा रस्ता पावस ते रत्नागिरी, जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. पावस गावातून वर गोळपच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर), मग कोळंबे, फणसोप, भाट्याचा उतार, काजळीवरचा पूल आणि पुढे शहर. कामाला मी एकटी जात नाही, वाटेत दोघीजणी बसतात. त्यामुळे माणशी खर्च आधीच कमी आहे, पण पेट्रोल लिटरला शंभराच्या वर गेल्यापासून महिनाअखेरीचा आकडा बोचतो.

डॅशबोर्डवर दिसणारं ॲव्हरेज मी धरणार नाही. पद्धत जुनीच: टाकी फुल, दर वेळी त्याच पंपावर, नळी आपोआप बंद पडली की तिथेच थांबायचं, "अजून थोडं बसेल मॅडम" ऐकायचं नाही. पुढच्या फुलपर्यंतचे किलोमीटर भागिले भरलेले लिटर. एका टाकीवरून काही ठरवायचं नाही, तीन टाक्या झाल्या की आकडा लिहायचा. पहिले तीन आठवडे गाडी नेहमीसारखीच चालवणार.

२५ जानेवारी, शनिवार

तीन टाक्या झाल्या. लिटरला १५.९ किलोमीटर. हा पाया.

सकाळी गाडी थंड असताना हवा तपासली. दारातल्या स्टिकरवर ३० (पीएसआय) लिहिलंय, पुढच्या चाकांत निघाली २५, मागच्यांत २४. म्हणजे किती महिने मी अर्धवट बसलेल्या टायरवर फिरत होते. चारही चाकांत ३० भरली. कुणी ३८-४० भरायचा सल्ला देतात. टायर कडक झाला की घरंगळतो चांगला, पण जमिनीला टेकणारा भाग कमी होतो. आपल्याकडे वर्षातले चार महिने रस्ता ओला असतो. ते करणार नाही.

डिकीतून दोन चिरे काढले. मे महिन्यापासून तिथेच होते.

९ फेब्रुवारी, रविवार

हवेनंतर पहिल्या टाकीला १६.६. आणि त्यानंतर बाकीचं सगळं एकदम सुरू केल्यावर १९.६! (तीन टाक्या अजून व्हायच्या आहेत.) वहीत दोनदा ताळा केला. बरोबर आहे.

काय केलं ते लिहून ठेवते. सड्यावर वेग ४५ ते ५०, काटा हलू द्यायचा नाही. वरच्या गिअरमध्ये लवकर जायचं. पुढे वळण किंवा वस्ती दिसली की लांबूनच पाय उचलायचा. वेग वाढला की हवेचा अडथळा त्याच्या वर्गाच्या पटीत वाढतो: ६० वर जेवढा, त्याच्या पावणेदोन पटीहून जास्त ८० वर. वीस किलोमीटरचं अंतर ६० ने गेलं तर वीस मिनिटं, ५० ने गेलं तर चोवीस. चार मिनिटांसाठी एवढं जाळायचं कशाला, हे कळल्यावर माझा पाय आपोआप हलका झाला.

शिवाय काही गोष्टी अशा केल्या ज्या मी अजून कुणाला सांगितलेल्या नाहीत. उतारावर न्यूट्रल. सकाळच्या एसटीच्या मागे अगदी जवळून, म्हणजे तिच्या आडोशाला हवा लागत नाही. आणि वेग मोडायचा नाही म्हणून शक्यतो कुठेच थांबायचं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आजची नोंद लिहायला हात धजत नव्हता.

कोळंब्याच्या पुढे मी ४५ ने चालले होते. आरशात आधी एक मोटारसायकल, मग एक पिकअप, मग अजून एक मोटार. रस्ता अरुंद, एका बाजूला गडगा (दगडी बांध). मला वाटत होतं, मी नियमात आहे, डावीकडे आहे, माझं काय चुकतंय? तीन-चार किलोमीटर तशीच वरात. शेवटी मोटारसायकलवाल्याचा धीर सुटला आणि त्याने वळणाच्या तोंडावर मला ओलांडलं. समोरून एसटी आली. तिच्या चालकाने गाडी जवळजवळ गडग्याला लावली, मी ब्रेक दाबला, पोरगा मधून निघून गेला. मागे बसलेल्या मुलीची ओढणी वाऱ्यावर उडाली, ती एसटीच्या पत्र्याला लागते की काय एवढंच मला दिसलं.

कुणाला काही झालं नाही. गाडीतल्या दोघी रत्नागिरीपर्यंत गप्प होत्या.

संध्याकाळी काकांना सांगितलं. काका एसटीतून निवृत्त झालेत, उभी हयात घाटात गाडी चालवली. मला वाटलं, ते त्या पोराला बोलतील. ते म्हणाले, "बाय, तो चुकलाच. पण त्याला चुकायला लावलं कुणी? आरशात दोन गाड्या दिसल्या की रुंद जागा बघायची, इंडिकेटर द्यायचा, सोडायचं. हळू चालण्याला कुणी नको म्हणत नाही. पण रस्ता तुझ्या एकटीचा नाही."

मग मी एसटीच्या मागून जाण्याचं सांगितलं. त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "मागे चिकटलेली बारकी गाडी एसटीच्या चालकाला दिसतच नाही. बाजूच्या आरशात जे येतं तेवढंच त्याचं जग. पुढे गुरं आडवी आली तर तो ब्रेक मारणार, मागे कोण आहे ते विचारून नाही मारणार." मी रात्री हिशेब केला. ५० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ चौदा मीटर जाते. मी दहा मीटरवर होते. डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जायलाच सेकंदाच्या वर लागतं.

वहीत आणखी एक रकाना आखला: "रस्त्यावर काय झालं". साईड किती वेळा दिली, कुणी हॉर्न मारला का, जोरात ब्रेक किती वेळा लागला. ॲव्हरेजच्या शेजारी हे लिहिल्याशिवाय ॲव्हरेज लिहायचं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

भाट्याच्या पुलाजवळ डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली बाई रस्ता ओलांडायला उभी होती. मी लांबून पाहिलं. पाहूनही ब्रेक मारला नाही, हॉर्न मारला. ती मागे सरली, पाटी एका बाजूला कलली, पाटीतलं पाणी तिच्या खांद्यावर सांडलं. आरशात ते दिसलं आणि पुढचा सगळा दिवस डोळ्यांसमोरून गेलं नाही.

एका थांब्याने नेमकं किती जातं, ते काढायला बसले. माणसांसकट अकराशे किलोची गाडी, ५० चा वेग. तेवढा वेग परत मिळवायला लागणारी ऊर्जा, पेट्रोलच्या एका लिटरमध्ये असलेली ऊर्जा, आणि त्यातली चौथाई-पंचमांशच चाकापर्यंत पोचते हे धरून उत्तर येतं बारा-पंधरा मिलीलिटर. औषधाचे तीन चमचे. दीड रुपया. पूर्ण थांबून, शून्यापासून निघून, दीड रुपया.

हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिला.

२ मार्च, रविवार

कोल्हापूरला लग्न होतं. परत येताना आंबा घाट. न्यूट्रलची सवय अजून मोडलेली नव्हती. साईडचं, एसटीचं सुटलं होतं, पण हे मला निरुपद्रवी वाटत होतं. उतारावर इंजिन नुसतं गुरगुरतंय, म्हणजे वाचतंयच की.

निम्म्या घाटात जळकट वास यायला लागला. आधी वाटलं पुढच्या ट्रकचा. पुढच्या वळणावर ब्रेक दाबला तर पाय नेहमीपेक्षा खाली गेला, आणि गाडी थांबायला तयार नाही अशी रेंगाळली. काका शेजारी होते. आवाज न चढवता म्हणाले, "क्लच दाब. दुसऱ्यात टाक. हळू सोड." इंजिन ओरडलं, गाडी अशी धरली गेली की सीट बेल्ट छातीला लागला. रुंद जागा आली तशी बाजूला घेतली. पुढच्या चाकाच्या रिमजवळ हात नेला, टेकवायच्या आधीच धग लागली. काकांनी पाणी ओतू दिलं नाही, गरम डिस्कवर पाणी पडलं तर ती वाकते म्हणाले. वीस-पंचवीस मिनिटं तसेच उभे होतो. नंतर साखरप्यापर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये आलो, ब्रेक मोजके लागले.

घाटाचा नियम काकांच्या तोंडून: ज्या गिअरने चढायचं, त्याच गिअरने उतरायचं. मी हे लहानपणापासून ऐकत आले होते.

८ मार्च, शनिवार

गॅरेजमधल्या मेकॅनिकला स्कॅनर घेऊन शेजारी बसवलं आणि भाट्याच्या उतारावर सकाळी सहा वाजता, मागेपुढे कुणी नसताना, खात्री करून घेतली. स्कॅनरवर इंजिनात पेट्रोल सोडणारा इंजेक्टर किती वेळ उघडा राहतो ते मिलिसेकंदांत दिसतं.

न्यूट्रलमध्ये: अडीच-तीनच्या आसपास. इंजिन स्वतःला चालू ठेवायला पेट्रोल घेतच असतं.

तिसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण उचलून: शून्य.

तीन वेळा केलं, तिन्ही वेळा शून्य. चाकंच इंजिन फिरवतात, त्यामुळे पेट्रोलची गरजच नसते. गाडीतला संगणक इंजेक्टर बंद ठेवतो. इंजिनचे फेरे अगदी खाली आले की पुन्हा सुरू करतो, म्हणजे गाडी बंद पडत नाही. मेकॅनिक म्हणाला, कार्ब्युरेटरच्या (इंजेक्टरच्या आधीच्या) काळात हे असं बंद होत नव्हतं, न्यूट्रलची समजूत त्या वेळची आहे.

म्हणजे मी ब्रेक जाळत होते, गाडीवरचा ताबा सैल करत होते आणि वर पेट्रोलही जाळत होते. उतारावर इंजिनच बंद करणाऱ्यांचं तर विचारूच नका. ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) इंजिनच्या जोरावर चालतो. बंद केल्यावर दोन-तीन वेळा ब्रेक दाबला की तो संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंगही जातं, आणि चावी काढलीच तर स्टिअरिंग लॉक. ओळखीच्या रिक्षावाल्यांना, पिकअपवाल्यांना मी हे आता थांबवून सांगते.

१६ मार्च, रविवार

शिमग्याची पालखी रस्त्यावर. ढोल, पालखी नाचतेय, दोन्हीकडे गाड्या. इंजिन बंद केलं, उतरले, नारळ दिला. वीस मिनिटं. एवढा वेळ इंजिन चालू ठेवलं असतं तर पाव लिटरच्या आसपास गेलं असतं. मागच्या दोन गाड्यांनीही बंद केली. ढोलाचा आवाज नीट ऐकू आला.

५ एप्रिल, शनिवार

सर्वांत महत्त्वाचा आकडा आज मिळाला. साईड देणं, थांबणं, अंतर ठेवणं, गिअरमध्ये उतरणं, हे सगळं सुरू केल्यानंतरच्या तीन टाक्या: १९.२.

फेब्रुवारीत रस्त्यावर मुजोरी करून १९.६ होते. महिन्याला हजार किलोमीटरच्या थोडं वर धरलं तर फरक लिटरभराचा, शे-सव्वाशे रुपयांचा. पायापासून मोजलं तर महिन्याला अकरा लिटर वाचताहेत, आणि ते जवळजवळ सगळे लांब बघून चालवण्याचे आणि टायरमधल्या हवेचे आहेत. त्या मासळीवाल्या बाईचं, त्या पोराचं, मागे ताटकळलेल्या पिकअपचं मिळून एक लिटर.

रकाना दुसरा, तीन आठवडे: साईड दिली ५८. जोरात ब्रेक ४. मागून हॉर्न ३.

हा रकाना आखण्याआधी जोरात ब्रेक किती लागत होते, ते लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं.

२० एप्रिल, रविवार

आंब्याचा भर. पहाटेपासून पेट्या भरलेल्या पिकअप निघतात. चुलतभाऊही पिकअप चालवतो. गेल्या आठवड्यात त्याच्या शेजारी बसून रत्नागिरीपर्यंत गेले आणि मला कळलं की मी चार महिने जे शिकतेय ते याला कधीपासून येतंय. हापूसच्या पेट्या मागे असताना तो ब्रेक मारतच नाही म्हटलं तरी चालेल. खड्डा पन्नास मीटरवर असतानाच पाय उचलतो. वळणात शिरायच्या आधी वेग उतरवतो, वळणात नाही. "दादा, कसं जमतं?" विचारलं तर म्हणाला, "एक पेटी घसरली की खालच्या फळाला डाग पडतो, तो वाशीला दिसतो आणि भाव पडतो."

आजपासून मागच्या सीटवर उघड्या टोपलीत अढीतले आठ आंबे ठेवते. टोपली हलली की चूक. मागून बघणाऱ्यालाही माझा ब्रेकचा दिवा उगाच लागताना दिसत नाही, त्यामुळे तोही शांत राहतो असं वाटतं. गाडीत बसणाऱ्या दोघींपैकी एकीला वळणावर मळमळायचं, तिने लिंबू आणणं सोडलं.

१७ मे: २०.१. आजवरचा सर्वांत चांगला आकडा, आणि त्या आठवड्यात साईड देण्याचा आकडाही सर्वांत मोठा, कारण मुंबईच्या गाड्या आल्यात.

२५ मे, रविवार

पाऊस आला. मान्सून तळकोकणात आजच दाखल झाला, नेहमीपेक्षा दहा-बारा दिवस आधी. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि सड्यावरची तांबडी माती मिळून साबण होतो. काल गोळपच्या वळणावर एक दुचाकी आडवी झाली होती. माणूस ठीक.

पावसाळ्याचे नियम वेगळे लिहिते, कारण काही बाबतीत बचत बाजूलाच ठेवायची आहे. काचेवर वाफ धरली की एसी लावायचा, पेट्रोलकडे बघायचं नाही; कापडाने पुसत चालवणं म्हणजे एक हात आणि अर्धी नजर गमावणं. हेडलाइट दिवसाही. पुढच्या गाडीपासूनचं अंतर तीन सेकंदांचं होतं ते पाच. उतारावर गिअर पाडताना क्लच हळू सोडायचा, झटक्याने सोडला तर ओल्या रस्त्यावर चाक घसरतं. पऱ्याचं (ओढ्याचं) पाणी रस्त्यावरून वाहत असेल तर चालणाऱ्याच्या अंगावर उडणार नाही एवढा वेग. शाळेच्या पोरांचे गणवेश एकदाच धुतलेले असतात.

२९ जून, रविवार

१८.३. उतरणारच होता. ओला रस्ता, वायपर, दिवे, एसी, खड्डे चुकवणं. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा एक-तृतीयांशाने कमी. तो परिणाम पहिल्या टाकीपासूनच धरलेला आहे, म्हणून तुलना बिघडत नाही.

रात्री गुरं डांबरावर येऊन बसतात. ६० च्या वेगाला सेकंदाला पावणेसतरा मीटर, ४० ला अकरा. रात्री सड्यावर आता ४०. मागून कुणी आलं की सोडते.

३ ऑगस्ट, रविवार

चुलतभावाने विचारलं, पिकअपची वही घालू का. त्याला पहिल्या पानावर दोन रकाने आखून दिले.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या चतुर्थी. महामार्गावरून आलेले चाकरमानी आता आतल्या रस्त्यांवर. रात्रभर गाडी चालवून आलेली माणसं, डोळे तारवटलेले, टपावर सामान, गाडीत झोपलेली मुलं. घर सात-आठ किलोमीटरवर आलेलं असतं आणि नेमकं तिथेच त्यांची घाई वाढते. सकाळच्या एका फेरीत अकरांना साईड दिली. दोघांनी हात दाखवला, एकाने दिवा लुकलुकवला.

दुपारी गणपतीच्या शाळेतून मूर्ती आणली. शाडूची, दीड फुटांची. काका मागच्या सीटवर, मांडीवर पाट, दोन्ही हातांनी धरलेली मूर्ती. वाडीचा रस्ता एका गाडीपुरता, एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला शेताचा उतार. मी उतरत होते, खालून एक मोटार चढत आली. नियमही तोच आहे, अरुंद चढावर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. चढावर थांबलेल्या गाडीला पुन्हा उठवणं अवघड, चाक मागे घरंगळू शकतं. वळणाजवळ गडगा ढासळून जरा जागा झालीय. गाडी हळू मागे-पुढे करून तिथे घेतली, हॅन्डब्रेक ओढला, इंजिन बंद केलं.

ती गाडी शेजारून गेली तेव्हा चालकाने आत बघितलं, मूर्ती दिसली. त्याने काच खाली केली, स्टिअरिंगवरचा एक हात छातीशी नेला. काकांचे हात मोकळे नव्हते. त्यांनी मान हलवली आणि मला म्हणाले, "चल आता. पहिल्यातच उतर."

३० ऑगस्ट, शनिवार

टाकी फुल. ३११ किलोमीटर, १६.७ लिटर, १८.६. साईड ४६, जोरात ब्रेक १ (कुत्रं), हॉर्न ०. हवा २९ निघाली, ३० केली.